खिडकीवर खिडकी

क्लिक त्याने लहान खिडकीत केलं, आणि जाड झाली ती मोठ्या खिडकीची चौकट.

एवढंच झालं. सकाळचे अकरा वाजत होते, शेजारच्या टेबलावर कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला होता, प्रिंटर नेहमीसारखा घसा खाकरत होता. पडद्यावर एका शाळेचा जिना होता. शीट लहान आणि जिना मोठा, म्हणून त्याने जिन्याचा नकाशा कागदभर घेतला होता आणि उजवीकडच्या मोकळ्या कोपऱ्यात, त्या मोठ्या खिडकीच्या पोटावरच, कठड्याचा तपशील दाखवणारी लहान खिडकी बसवली होती. ऑफिसात सगळे व्ह्यूपोर्ट म्हणतात. तो मनातल्या मनात खिडकीच म्हणतो. कागद एक, त्यावर खिडक्या हव्या तितक्या, आणि सगळ्यांतून दिसते ती एकच वस्तू, आत कुठेतरी खऱ्या मापाने पूर्ण काढून ठेवलेली. एका खिडकीतून ती लांबून दिसते, दुसरीतून जवळून. आणि प्रत्येक खिडकीला काही गोष्टी न दाखवण्याची मुभा असते. नको तो लेयर, म्हणजे एका जातीच्या रेघांचा थर, त्या खिडकीपुरता गोठवायचा, दिसेनासा करायचा. वस्तू आत असतेच. फक्त या खिडकीपुरती ती नाही. पण खिडकीवर खिडकी आली, की आपला क्लिक कुणाला लागेल याचा नेम राहत नाही. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी सांगायचा, हाताकडे बघू नका, चौकटीकडे बघा. जी जाड, ती जागी.

त्याला लहान खिडकीतल्या तुटक रेघा लपवायच्या होत्या. लपवल्या. लहान खिडकी होती तशीच राहिली. मग हाताने, त्याला न विचारता, दोन कळा दाबल्या, जाग लहान खिडकीकडे सरकली, आणि हाताने तेच परत केलं. आता रेघा गेल्या. लहानीतून गेल्या, आणि मघाशी मोठीतूनही गेल्या होत्या. दोन्ही खिडक्या स्वच्छ, सुरेख, मोकळ्या दिसत होत्या. एक कळ दाबून ते मागे घेता आलं असतं. रोज घेतो. पण बोट कळीवर गेलं आणि तिथेच थांबलं, कारण हे सगळं हाताच्या ओळखीचं होतं. चुकीच्या खिडकीत लपवणं, 'क्लिक लागला नाही वाटतं' असं पुटपुटणं, परत लपवणं. शाळेच्या जिन्याच्या आधी कधीतरी, एका दुपारी, डबा उघडा ठेवून, एका हातात चमचा धरून त्याने हे असंच केलं होतं. कुठल्या नकाशावर, तेही त्याला आठवलं.

त्याने घराची फाइल उघडली. घराची म्हणजे ताईच्या बाथरूमची. ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, सहासष्ट पूर्ण. गुडघे बोलायला लागल्यावर ती याच्या घरी राहायला आली, आणि आल्याआल्या म्हणाली, "बाथरूममध्ये मला धरायला काहीतरी कर बाबा, नाहीतर एक दिवस मी अशीच टाइल्सवर सांडेन." त्याने भिंतीत दांडी काढली. ती भिंत पोकळ ब्लॉकची होती, त्यात नुसते स्क्रू मारले तर दांडी टॉवेलपुरती टिकते, माणसापुरती नाही. म्हणून गिलाव्याच्या आत लोखंडी पट्टी घालायची आणि दांडी त्या पट्टीला आवळायची, असं त्याने काढलं होतं. खाजगी काम, ऑफिसचा कागद. मनाला बरं वाटेना, म्हणून एकाच शीटमध्ये सगळं बसवलं. बाथरूमचा छेद, म्हणजे उभं कापल्यावर भिंतीच्या आतलं जे दिसेल ते, मोठ्या खिडकीत आणि त्याच्याच कोपऱ्यावर, लहान खिडकीत, समोरून दिसणारी भिंत. लहान खिडकीत पट्टीच्या तुटक रेघा दांडीच्या मापांत गुंतत होत्या. वाचायला त्रास होईल, म्हणून त्या तिथून लपवल्या होत्या. तिथूनच फक्त.

फाइल नेहमीसारखी आतल्या बाजूला उघडली, जिथे वस्तू खऱ्या मापाने असते. पट्टी होती. निळ्या रेघांत, जिथल्या तिथे. याच पडद्यावर ती त्याने आधीही पाहिली होती, दुसऱ्यालाही दाखवली होती. खाली शीटचं नाव होतं. छापून दिल्या दिवसापासून त्या नावावर त्याने क्लिक केलं नव्हतं. करायचं काही कारण नव्हतं. आता केलं. कागद आला. भिंत होती, ब्लॉक होते, ब्लॉकमधली पोकळीसुद्धा त्याने हौसेने काढली होती. दांडी होती, दांडीची मापं होती, जमिनीपासूनची उंची होती. दांडीच्या मागे काही नव्हतं. ना लहान खिडकीत, ना मोठीत.

"काका, जिन्याची शीट?" मॅडमनी काचेच्या केबिनमधून मान बाहेर काढली. वयाने त्याच्या निम्म्या असतील, पण सही त्यांची.

"देतो."

"बरं वाटत नाहीये का? चेहरा कसा झालाय."

"डोळे जरा दुखतायत."

"म्हणून म्हणते, तासातासाला खिडकीतून लांब बघत जा. ऐकतंय कोण माझं."

तो उठून खऱ्या खिडकीपाशी गेला आणि लांब बघू लागला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई चादर वाळत घालत होती, चादर वाऱ्याने तिच्याच अंगावर येत होती आणि ती हसत तिला बाजूला सारत होती. पूर्वी चुकलं की कळायचं, त्याच्या मनात आलं. बोर्डावर ट्रेसिंग पेपर लावून शाईने काढायचे दिवस. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची, हळू, श्वास धरून, आणि खरवडलेल्या जागी कागद पातळ व्हायचा. नकाशा उजेडासमोर धरला, की जिथे जिथे चुकलो तिथे तिथे उजेड जास्त यायचा. एकेक नकाशा चांदण्यासारखा दिसायचा. आता चुकीची खूण राहत नाही. लपवलेली रेघ आणि कधी न काढलेली रेघ कागदावर सारखीच कोरी.

दांडी एक्केचाळीस दिवस टिकली. पहिले काही दिवस ताई नुसतीच जाऊन तिला हात लावून यायची. "ये, बघ, कशी गार आहे," म्हणायची. दांडी बसायच्याही आधी, संध्याकाळी जेवणं झाली की तो तिला हवेत शिकवायचा, "डोळ्यांत साबण गेला, समज. घाबरायचं नाही. डावा हात इथे टाक, छातीच्या रेषेत. दांडी असेल." ती डोळे मिटून हात टाकायची आणि त्याच्या बायकोला म्हणायची, "बघ गं, माझा भाऊ मला आंधळी कोशिंबीर शिकवतोय, या वयात." बेचाळिसाव्या दिवशी तिने हात टाकला तसाच टाकला असणार, शिकवल्याप्रमाणे. दांडी तिथे होती. तिने भार दिला, आणि दांडी दोन टाइल्स घेऊन तिच्या हातात आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती तिच्या मुठीत होती. स्ट्रेचरवर नर्स म्हणाली, "आजी, आता सोडा ती. ती कशालाच लागलेली नाहीये." खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथे डॉक्टरांनी धातूची पट्टी बसवली आणि ताई शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं, "भिंतीत नाही घातली, ती माझ्यात घातली होय!" सगळे हसले. तोही हसला होता. ते हसू आता त्याच्या गालांच्या आत कुठेतरी सापडलं, कधीचं राहून गेलेलं, दाताखालच्या खड्यासारखं.

दांडी बसवणारा मिस्त्री दुसऱ्या दिवशी घरी आला. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. "साहेब, कागदात पट्टी नव्हती," तो म्हणाला. "असती तर घातली असती की. माझं काय जात होतं?" त्याच्याकडचा कागद सिमेंटच्या पाण्याने केव्हाच लगदा झाला होता. "मी स्वतः काढलीये," हा म्हणाला, आणि तोंडी वाद नको म्हणून त्याला शनिवारी ऑफिसात घेऊन आला. याच खुर्चीमागे उभा केला. फाइल उघडली, आतलीच बाजू, आणि निळ्या रेघांवर बोट ठेवून म्हणाला, "ही काय मग?" त्याने आवाज चढवला नव्हता. त्याला वाटलं होतं, आपण किती सभ्यपणे वागतोय. मिस्त्री पडद्याशी वाकला. बराच वेळ बघत राहिला, जत्रेत हरवलेलं मूल ओळखायला नेलेल्या बापासारखा. मग म्हणाला, "आहे की. आहे. मग माझंच ध्यान नसेल." आणि लिफ्ट उभी असताना जिन्याने उतरून गेला. त्यानंतर राहत्या इमारतीतल्या बाकीच्या तीन घरांनी मिस्त्रीला दिलेली कामं काढून घेतली. कुणी सांगायला गेलं नव्हतं. ताईचा आवाज खिडकीतून जात होता, तेवढा पुरला.

ताईचा आवाज. पडल्यापासूनच्या पाच महिन्यांत तिच्यातलं तेवढंच जुनं उरलं होतं. दिवसभर ती छताकडे बघत पडायची, जेवण अर्धं ठेवायची, पण मिस्त्रीचा विषय निघाला की उशीवर कोपर टेकून अर्धी उठायची आणि अशा लयीत त्याचा उद्धार करायची की स्वयंपाकघरात भावाची बायको पदर तोंडाला लावून हसायची. "त्याच्या थापीला भूक लागो, त्याच्या ओळंब्याला झोप लागो, त्याने बांधली भिंत त्याच्याकडेच पाठ करून बसो." शिव्या संपल्या, की शेवटी एकच वाक्य. "माझ्या भावाच्या रेघेत खोट नव्हती. रेघ वाचणारा खोटा निघाला." आणि यातून दुसरी गोष्ट आली होती, अधिक कठीण. ती आता कशालाच धरत नव्हती. वॉकरला नाही, टेबलाला नाही, पलंगाच्या कडेला नाही. "कुणी बसवलंय काय ठाऊक," म्हणायची. फक्त तो ऑफिसातून आला, की संध्याकाळी सहाला, त्याच्या दोन्ही हातांत दोन्ही हात देऊन उभी राहायची. दहा आकडे मोजेपर्यंत. सगळा भार त्याच्या पंजांवर. डॉक्टर म्हणाले होते, या महिन्यात पाऊल टाकलं तर टाकलं. नंतर स्नायू ऐकणार नाहीत. म्हणजे ताईचं चालणं त्याच्या दोन पंजांवर तोललेलं होतं, आणि त्या पंजांवर तिचा विश्वास होता, कारण चूक मिस्त्रीची होती.

सांगितलं तर ती उभी कशाला धरून राहणार? आणि नाही सांगितलं तर रोज सहाला ती त्याचे हात धरणार, घट्ट, डोळे मिटून.

दुपारी त्याने डबा उघडला नाही. जिन्याच्या वळणावर, जिथे ऑफिसातली माणसं सिगारेट ओढायला येतात, तिथे उभं राहून मिस्त्रीला फोन लावला. पलीकडे काहीतरी खदखदा घुसळल्याचा आवाज येत होता.

"बोला साहेब. ताई बऱ्या आहेत ना?"

"आहेत. तुम्ही कुठे, कामावर?"

"काम कसलं. जावयाच्या रंगाच्या दुकानात बसतो. डबे हलवायचं मशीन आहे, त्याच्यापाशी. बटण दाबायचं, थांबायचं. आरामात आहे."

"भिंतीची कामं?"

"सोडली हो. भिंतीत काही ठोकायचं म्हटलं की छातीत धस्स होतं. घरात खिळा ठोकायचा तर बायको ठोकते."

त्याने सांगितलं. एका दमात, जिन्याच्या कठड्यावर नख घासत. पट्टी कागदावर नव्हती, तुम्ही म्हणालात तेच खरं होतं, चूक माझी. पलीकडे घुसळणं थांबलं. मिस्त्रीने कुणाला तरी 'दोन मिनिटं' म्हटलं.

"साहेब, पण मी बघितली ना. तुम्हीच दाखवली. माझ्या डोळ्यांनी बघितली."

"ते आतलं होतं. कागदावर वेगळं उमटलं."

"आतलं नि कागदावरचं वेगळं असतं?"

"नसायला पाहिजे. झालं."

मिस्त्री अगदी हळू, समजूत काढल्यासारखं म्हणाला, "नका हो साहेब. पाच महिने लागले मला. पहिले दोन महिने झोप नव्हती. नव्हती पट्टी, नव्हती, असंच म्हणायचो. मग एकेक करून पटवलं मनाला, की होती, आपणच बघितली नाही. तेव्हा कुठे डोळा लागायला लागला. आता परत उलटं कसं पटवू?" आणि घुसळण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. "ताईंना नमस्कार सांगा," तो त्या आवाजावरून ओरडला. "नका सांगू, राहू दे. त्यांना राग येईल."

संध्याकाळी तो दोन थांबे आधी उतरला आणि चालत निघाला. दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी शिंपडलं होतं. एका शिंप्याच्या दुकानात दिवे लागले होते, टेबलावर कापड पसरलं होतं, आणि माणूस त्यावर चपटा खडू घेऊन वाकला होता. त्याला थांबावंसं वाटलं नाही, पाय थांबले. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा आणि ताई एकोणीसची. ती लोकांचे कपडे शिवायची, तो तिच्या टेबलाखाली बसायचा आणि कापडाच्या चिंध्यांवर ठोकळे काढायचा, नुसते ठोकळे, म्हणून त्याचं नाव ठोकळ्या पडलं. कापताना ती गुणगुणायची, स्वतःच जुळवलेलं काहीबाही.

खडूची रेघ बाई, पुसून जाईल,
कात्रीची रेघ बाई, राहून जाईल.

दहा वर्षांचा झाला, तेव्हा तिने त्याला टेबलाजवळ उभं केलं आणि खडू हातात दिला. एका मास्तरीणबाईंचं कापड होतं, जांभळं, महागडं. त्याने माप एका बाजूने घेतलं, रेघ दुसऱ्या बाजूने ओढली. ताईने डोळे झाकून त्या रेघेवर कात्री चालवली, कारण रेघ त्याची होती. कापड बाद झालं. मास्तरीणबाई आल्या, तेव्हा तो दाराआड उभा होता आणि ताई सांगत होती, "माझाच हात चुकला हो. लक्ष नव्हतं." बाई काय काय बोलल्या. गेल्यावर ताईने त्याला दाराआडून ओढून काढलं आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली. "रडतोस काय गाढवा? तुला कुणी काही म्हणालं का?" कुणीच कधी काही म्हणालं नव्हतं. परीक्षेत, नोकरीत, घरात. कुणीतरी मधे यायचं, म्हणायचं, माझं लक्ष नव्हतं, माझाच हात चुकला. चौपन्न वर्षांत त्याच्या चुका त्याला कधी मिळाल्याच नव्हत्या. शिंप्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, काही हवंय का, असं. त्याने मान हलवली आणि चालू लागला.

बायकोने दार उघडलं. "आज व्यायामवाली बाई आली होती. पलंगाची कड धरा म्हणाली, तर ताई म्हणतात, भाऊ आला की उभी राहीन. ती म्हणाली, आजी, भाऊ काय जन्माला पुरणार आहे? तर म्हणाल्या, माझ्या जन्माला पुरेल, उरलाय किती!" ती हसली, मग त्याच्याकडे बघून थांबली. "काय झालं?"

"काही नाही. ताई जागी आहे?"

"मिस्त्रीची चौथी पिढी चाललीये. जा, पाचवीच्या आत पोचशील."

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं ओळखून वळली. तिचे केस बायकोने विंचरून घट्ट बांधले होते, त्यामुळे चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता. "आलास? किती वाजले? अजून सहा नाहीत. बस."

तो बसला आणि बोलू लागला. चौकट, क्लिक, लेयर हे शब्द या खोलीत आल्याआल्या मरत होते. त्याने उशाचा नॅपकिन घेतला, चादरीवर पसरला. "ही चादर म्हणजे मोठी खिडकी, ताई. हा नॅपकिन म्हणजे लहान. मला नॅपकिनवरची रेघ पुसायची होती. मी पुसली ती चादरीवरची. नॅपकिनची पुसली गेली नाही म्हणून परत पुसली. दोन्हीकडची गेली. मिस्त्रीला जो कागद दिला, त्यावर पट्टी नव्हतीच."

ताईने नॅपकिनकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं. "अरे, पण खिडकीवर खिडकी लावायचीच कशाला?"

"कागद कमी पडत होता."

"मग दुसरा कागद घ्यायचा."

त्याने नॅपकिनची कड बोटाने सरळ केली.

"तू त्या मिस्त्रीशी बोललास," ती म्हणाली.

"बोललो, पण—"

"रडला असेल. गुंडाळलं तुला. ठोकळ्या, तू लहानपणापासून असाच. कुणी समोर डोळ्यांत पाणी आणलं, की सगळं आपल्या अंगावर घ्यायचं. सोड."

"ताई, मी आज स्वतः बघितलं. मिस्त्री खरं सांगत होता. दांडी निघाली ती माझ्यामुळे."

"पुरे."

"तू हात टाकलास, मी शिकवला तसा—"

"पुरे म्हटलं ना!" आवाज चढला नाही. उलट तो इतका सपाट होता, की स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणंसुद्धा थांबलं. ती पुन्हा छताकडे बघू लागली. तिचे ओठ हलत होते, शिव्यांची लय शोधत असल्यासारखे, पण शब्द येत नव्हते; ज्याच्यावर ते जायचे तो माणूस जागेवर नव्हता. त्याने वाट पाहिली. तिने त्याला एक थप्पड मारावी, एकदा तरी 'मेल्या' म्हणावं, जे काय त्याचं आहे ते त्याच्या ओंजळीत टाकावं. तिने हात लांब करून नॅपकिन उचलला, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि उशापाशी ठेवला. "तुझ्याकडून असं होणारच नाही," ती म्हणाली. "माझा विश्वास नाही. चल, सहा वाजले. उभं कर मला."

त्याने दोन्ही हात पुढे केले, रोजच्यासारखे. तिने पाय खाली सोडले, एक, मग दुसरा, हाताने उचलून. उजवा हात त्याच्या हातात दिला. त्याचा दुसरा पंजा हवेत वाट बघत राहिला. तिचा डावा हात चादरीवरून मागे सरकत गेला. ती त्याच्याशी बोलत होती, ऑफिसात आज खाल्लंस की नाही, चेहरा उतरलाय, आणि हात सरकत होता, जणू तो तिचा नव्हेच. पलंगाच्या लोखंडी कडेला तो लागला. बोटांनी ती चाचपली. एकदा हलवून बघितली. मग बोटं मिटली. ती उठली.

"अगं बाई!" दारातून बायको ओरडली, कणकेचे हात तसेच. "ताईंनी कड धरली! अहो, बघा की, धरली! उद्या त्या बाईला फोन करून सांगते."

"एक," ताई म्हणाली, "दोन." तिची नजर समोरच्या भिंतीवर होती. त्याने अंगठा तिच्या मनगटाखाली नेला, भार घ्यायला, रोज घेतो तसा. दहा झाले. रोज ती इथे बसते. आज ती अकरा म्हणाली, बारा म्हणाली, पाय थरथरत होते आणि पलंगाची कड किंचित करकरत होती. बायको दारात टाळ्या वाजवत होती. ताईचा उजवा हात त्याच्या हातात होता, पंधरापर्यंत होता, आणि त्यात वजन नव्हतं.